चिमणी, गवळण आणि महाराणी

२० फेब्रुवारी २०२५, गुरुवार

पाल मेली. आणि जाताना मदरबोर्ड सोबत घेऊन गेली!

सकाळी साडेदहाला केंद्र उघडलं. केंद्र म्हणजे घराची समोरची खोली. सातबारा, दाखले, पीक विमा, आणि लग्नसराईत व्हिडिओ-पत्रिका. बटण दाबलं — चट्ट! जळका वास. स्क्रीन काळी.

मंगरूळपीरहून दुरुस्तीवाला आला. झाकण काढलं तर आत पाल, बोर्डावर आडवी, शेपटी पंख्यात. तो नाक धरून म्हणे, "बोर्ड गेला. ह्या मॉडेलचा आता भेटत नाई. नवीन मशीनच घ्या." मी विचारलं, बाकी काय काय वाचलं? बोर्ड एकटा बदलता येते का? तर हसला. "थे तुमाले नाई समजणार बाई."

तेवढ्यात आई (सासूबाई) दारातून ओरडल्या, "पाल मेली ना व? जाय, आंघोळ कर पयले!"

केली आंघोळ. मग ओल्या केसांनीच येऊन बसले आणि एकेक स्क्रू काढून सगळं मशीन खोललं. रॅम वाचली आहे. डिस्क वाचली आहे. डबा, पॉवर सप्लाय, सगळं धड आहे.

नाई समजणार म्हणे!

२१ फेब्रुवारी

मदरबोर्ड. मदरबोर्ड. मदरबोर्ड. पोळी करपली.

२३ फेब्रुवारी, रविवार

तीन दिवस फोनवर व्हिडिओ पाहून डोळे लाल झालेत, पण काय मजा आहे या गोष्टीत! एवढी वर्षं मशीनवर बसते आणि ते काय खातं-पितं हे कधी पाहिलंच नाही. प्रोसेसर डोकं असेल, पण बोर्ड म्हणजे अख्खं गाव — रस्ते, विजेची डीपी, तारा, कुणाचं घर कुठं ते सगळं. गावच धड नसेल तर डोक्याने करायचं काय?

जुना प्रोसेसर नव्या बोर्डावर बसत नाही. म्हणजे बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही नवे. प्रोसेसर ठरवायला एक दुपार लागली. बोर्ड मात्र शेकड्यांनी आहेत! पाच हजारांपासून पार पन्नास हजारांपर्यंत. आणि प्रत्येक व्हिडिओतला माणूस सांगतो, हाच घ्या.

हे वांगी तोडत होते. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उभी राहून सगळं सांगितलं. (इथं हरीओम लिहिते. तोंडावर अहो.) हरीओम ऐकतो चांगला. क्रेट भरत भरत म्हणाला, "स्वस्तातला घेतला त काय होईन?"

"तेच त पाहायचं हाये."

"अन् महागाचा घेतला त?"

"तेबी!"

"मंग पाह्य ना. घाई कोनाले हाय?"

घाई मला आहे. पोहरादेवीच्या सेवादासभाऊंचं काम घेतलंय. रामनवमीच्या यात्रेत त्यांचं स्वयंसेवक मंडळ मोठा पडदा लावणार. त्यावर दहा मिनिटांची फिल्म — पाणी कुठं, गाड्या कुठं, माणूस हरवलं तर कुठं यायचं. मागच्या वर्षी त्यांची स्वतःची आई त्या गर्दीत चार तास हरवली होती. सांगताना अजून त्यांचा आवाज बदलतो. पंचवीस मार्चला फिल्म हातात पाहिजे म्हणाले. शूटिंग झालेलं आहे. मशीन नाही!

आजवरचं माझं सगळ्यात मोठं काम. पत्रिका-बित्रिका नाही. हजारो लोक पाहणार.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

वाशिम!

बस स्टँडजवळच्या दोन चकचकीत दुकानांत गेले. दोन्हीकडे एकच — "मॅडम, बजेट सांगा." बजेट सांगितलं की त्याच्या वर दोन हजारांचा डबा समोर ठेवतात. का, तर "चांगला आहे." काहून चांगला? "चालतो मॅडम हा."

तिसरं दुकान गल्लीत. बाहेरच्या पाटीवर अजून रेडिओचं चित्र! शालिग्रामकाका. साठीच्या पुढचे, पांढरा शर्ट, खिशात चार पेनं, डागणी (सोल्डरिंग) लावायचा जुना लाकडी टेबल. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. चाळीस वर्षं एकाच खुर्चीवर.

"मदरबोर्ड पाह्यजे."

"नवऱ्यानं पाठवलं का? त्याले म्हणा सोताच ये."

"नवरा वांगे तोडून राह्यला. मलेच पाह्यजे."

"कितीवाला?"

"कितीवाला ते मंग काका. कोनत्या कामाले पाह्यजे, थे विचारा ना अगोदर."

ते थांबले. मग असे हसले की खिशातलं एक पेन पडलं! "तीस वर्षं झाले," म्हणे, "हे वाक्य मी गिऱ्हाइकाले सांगून राह्यलो. आज गिऱ्हाईक मले सांगते."

मग तीन डबे काढले. तिन्ही वेगळ्या कंपन्यांचे. माझा प्रोसेसर, माझी जुनी रॅम तिघांवरही बसते. एक सहा हजारांच्या आतला, एक अकराचा, एक चोवीसचा. प्रत्येकावरून त्यांनी नुसती बोटं फिरवली, आई भाकरीचं पीठ मळल्यावर फिरवतात तशी. "हा पातय हाये. वाकते. ह्याच्या कडा चांगल्या घासल्या. अन् हा — हा त वजनानंच समजते." काय माणूस आहे! बोटांनी बोर्ड ओळखतो.

शेवटची बस सुटता सुटता राहिली. तरी घेतला नाही एकही. कसा घेऊ? अजून नीट पाहिलेच नाहीत.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

डब्यावरची अक्षरं आणि आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून तिघींची नावं ठेवली. छोटी, साधी, दोनच रॅमच्या खाचा — चिमणी. मधली, अंगाने भरलेली, कामाची — गवळण. आणि ती चोवीस हजारांची, डोक्यावर चांदीचा मुकुट, बटण दाबलं की सात रंगांचे दिवे — महाराणी!

साबुदाणा ढवळताना आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "महारानी कायले? थे काय वांगे तोडाले येते?"

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा वाशिम. मिरच्यांची पोती घेऊन जाणाऱ्या गाडीत हरीओमने बसवून दिलं.

धाडस करून म्हटलं, "काका, तिन्ही बोर्ड टेबलावर लावून पाहू. एकच प्रोसेसर, एकच रॅम, एकच काम. कोन किती पान्यात हाये, समजते."

"डबे फोडू म्हन्ते तीनही? मंग विकू कोनाले?"

"मी निकाल लिहून देते ना. मराठीत. मोठ्या अक्षरात भिंतीले लावा. लोक वाचतीन अन् घेतीन. त्या चकचकीत दुकानावाल्याकडे आहे का असं काही?"

काका टेबलावर बोटं वाजवत बसले. मग म्हणाले, "सोमवारी येजो. डबा घेऊन येजो, जेवायले उशीर होईन."

हो म्हणाले! बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, "पोरगं पास झालं का व?" एवढी हसत होते मी!

३ मार्च, सोमवार

माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला सोमवार.

बोर्ड डब्यात न बसवता टेबलावर उघडाच मांडायचा. प्रोसेसर ठेवायचा — ठेवायचा, दाबायचा नाही! — वर पेस्टचा वाटाण्याएवढा थेंब, वर पंखा. काका बाजूला बसून एकेक सांगत होते, हात माझे. मध्येच परीक्षा. "वाच पोरी, त्या काळ्या चौकोनावर काय लिवलं?" मी वाचायचे. "अन् त्याच्या बाजूच्या डबीवर?" वाचायचे. "हं. ह्या कामाच्या हायेत." तोंडी परीक्षाच! कॉलेजात कुणी एवढं नाही विचारलं.

काम एकच दिलं. फिल्मचा चार मिनिटांचा तुकडा जोडून पक्का करायचा — ज्याला आम्ही रेंडर म्हणतो.

चिमणी — अकरा मिनिटं चाळीस सेकंद.
गवळण — अकरा मिनिटं चौतीस.
महाराणी — अकरा मिनिटं सत्तावीस!

तेरा सेकंद! चौपट पैसे आणि तेरा सेकंद! मी तोंडावर पदर घेऊन हसले, काका टेबलावर डोकं टेकून हसले. तेरा सेकंदांत मी केससुद्धा बांधत नाही.

मग काका म्हणाले, "थांब. घाई नको करू. आता झाली थे शंभर मीटरची शर्यत. उद्या दम पाहू."

४ मार्च, मंगळवार

दम पाहिला.

दुपारी एक ते पाच. दुकानाचा पंखा बंद, कारण माझ्या खोलीत एप्रिलमध्ये काय होतं ते मला माहीत आहे. तोच तुकडा, थांबायचं नाही, पुन्हा पुन्हा, प्रत्येकीला पाच फेऱ्या, जवळपास तासभर.

चिमणी पहिल्या तीन फेऱ्या छान पळाली. चौथीत बारा मिनिटं. पाचवीत पंधरा! प्रोसेसर तोच, पण त्याला वीज पुरवणाऱ्या छोट्या चौकोन्या उघड्या, वर उष्णता ओढून घेणारी साधी पत्रीही नाही. त्या तापल्या की बोर्ड प्रोसेसरला म्हणतो, बाबा हळू चाल. विहिरीवरची मोटर तापली की आमचे मामंजी पाणी अर्ध्यावर आणायचे, तसंच!

गवळण — अकरा चौतीस, अकरा पस्तीस, अकरा छत्तीस, अकरा छत्तीस, अकरा छत्तीस. घाम नाही, कुरकुर नाही. महाराणीही तशीच. फक्त मुकुट घालून.

म्हणजे किंमत, दर्जा, वेग या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कुणीच नाही सांगत! वेग पहिल्या मिनिटाला तिघींचा सारखा. दर्जा चौथ्या फेरीला दिसतो. आणि किंमत? ती दिव्यांचीही घेतात.

घरी येऊन हरीओमला ताटावरच सगळं सांगितलं, हातवारे करून. तो म्हणाला, "भात थंडा होऊन राह्यला." मग स्वतःच, "पाचवीत पंधरा? खरंच?"

५ मार्च, बुधवार

आज नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही.

उष्णता मोजायची राहिली होती. काकांकडे पिस्तुलासारखं यंत्र आहे, समोर धरलं की आकडा दाखवतं. मी चिमणी चालू केली. काकांनी यंत्र धरलं. म्हटलं, किती काका?

"सत्तर असन."

मी वहीत सत्तर लिहिलं, मग वर पाहिलं. यंत्र त्यांनी उलटं धरलं होतं. आकड्याची काच खाली, टेबलाकडे. ते मूठ पाहत होते आणि म्हणत होते, सत्तर.

मी हसलेच. वाटलं, गंमत करतात. "काका, उलटं हाये थे!"

ते हसले नाहीत. यंत्र हळूच टेबलावर ठेवलं. ठेवतानाही आधी टेबलाची कड चाचपली.

"दोन वर्षं झाले," म्हणाले. "उजव्यानं उजीड तेवढा समजते. डाव्यानं तू म्हन्जे एक लंबी सावली."

ते भाकरीसारखं हात फिरवणं! ती तोंडी परीक्षा! "म्हन्जे 'वाच पोरी, वाच' म्हनत होते थे..."

"मले वाचता येत नाई म्हनून. खोटं कायले बोलू?"

राग आला. खरंच आला. मी एवढी फुगले होते, काका माझी परीक्षा घेतात म्हणून! दोन दिवस घरी त्याच गोष्टी सांगितल्या. आणि मी म्हणजे नुसता चष्मा!

पाणी प्यायले. मग विचारलं, डॉक्टर काय म्हणतात?

"मोतीबिंदूच हाये. होते म्हन्ते नीट. पन दहा-बारा दिवस धुरात बसाचं नाई, धुळीत बसाचं नाई. दुकानात कोन बसन? पोरगा पुन्याले. अन् गावाले समजलं का शालिग्रामले दिसत नाई, त कोन देईन माह्या हातात मशीन?"

चिमणी तशीच चालू होती. मी यंत्र सरळ धरून वाचलं. एकशे चार.

"काका," मी म्हटलं, "मी बसते दुकानात."

"तू?"

"मले वाचता येते."

त्यांनी चाचपत चिमणी बंद केली. मग म्हणाले, "सुरुवातीले फक्त वाचून घ्यासाठीच बसवलं व तुले. पन परवा तू त्या डबीचं नाव वाचलं अन् विचारलं, जपानी डब्याच चांगल्या कायले म्हन्ते — तवापासून परीक्षाच घेऊन राह्यलो."

राग गेला. एवढ्यावरच गेला. मी अशीच आहे!

८ मार्च, शनिवार

गवळण घेतली!! सोबत प्रोसेसरही.

महाराणी एकदा मांडीवर घेऊन बसले होते, कबूल करते. दिवे लावून पाहिले. सातही रंग. पण जे मला लागतं ते सगळं गवळणीत आहे. चार खाचा म्हणजे पुढे रॅम वाढवता येईल, डिस्क दोन बसतात, तापत नाही. आणि महाराणीकडे जास्तीचं जे आहे ते मी दहा वर्षांत वापरणार नाही. चिमणीचा राग नाही. नुसते फॉर्म भरायचे असते तर तीच घेतली असती.

हरीओमला फोन केला, "घेतली!" तो मंडीत होता. मागून कुणीतरी विचारलेलं ऐकू आलं, "म्हैस का गा?"

९ मार्च, रविवार

ओट्यावर चादर घालून जोडणी. आई, हरीओम, शेजारच्या दोघी, सगळे गोल बसलेले. जणू बारसं! पंखा बसवला, रॅम बसवली, तारा जोडल्या. बटण हरीओमने दाबलं.

काहीच नाही.

पंखे फिरले, स्क्रीन काळी. शेजारणी एकमेकींकडे पाहू लागल्या. पैसे गेले, फिल्म गेली, सेवादासभाऊंना काय सांगू! तो दुरुस्तीवाला डोळ्यांसमोर आला, नाक धरून हसणारा.

काकांना फोन लावला. रडतच होते बहुतेक. ते शांतपणे म्हणाले, "पंखे फिरले ना? मंग जित्ती हाये. रॅम काहाड. पुना बसव. दोन्ही टोकाले टक् वाजलं पाह्यजे. मले ऐकव."

फोन बोर्डाजवळ धरला. दाबलं. एक टक्.

"एकच वाजलं," काका म्हणाले. "दुसरीकडून दाब. भेऊ नको."

दाबलं, जीव खाऊन. टक्!

"आता लाव."

आणि लागलं! अक्षरं आली! मी किंचाळले, हरीओमने मला उचललंच, सगळ्यांसमोर, सासूसमोर! आई साखरेचा डबा घेऊन आल्या. पहिली चिमूट त्यांनी डब्यावर ठेवली, मशीनच्या. मुंग्या येतील म्हटलं तर म्हणे, "येऊ दे आजच्या दिवस."

१२ मार्च

दहा मिनिटांची फिल्म. एकोणतीस मिनिटांत पक्की. जुन्या मशीनवर अख्खी दुपार गेली असती. सेवादासभाऊंनी फोनवरच पाहिली आणि म्हणाले, "बाण मोठे करा ताई. आमची माय बाण पाहूनच चालते." केले मोठे.

१४ मार्च, धुळवड

रंग. नखांत अजून हिरवा आहे. मशीनला आज हात लावला नाही, दारातून नुसती पाहिली.

१७ मार्च, सोमवार

काका अकोल्याला गेले. पोरगा पुण्याहून आलाय, त्याने नेलं. आधी डावा डोळा.

दुकानाची किल्ली माझ्याकडे! गळ्यात अडकवून बसमध्ये बसले. आई आणि हरीओम दोघांनी मिळून केंद्राचं सांभाळायचं ठरलं. आई फॉर्म वाटणार, हरीओम दुपारी बसणार. "दाखला संध्याकायी भेटन," एवढं वाक्य आईंनी पाठ केलंय.

शटर वर करायला जोर लागतो. दोनदा अर्ध्यावर अडकलं. शेजारचा पानवाला पाहत होता. तिसऱ्यांदा केलं!

२० मार्च, गुरुवार

जो येतो तो विचारतो, शालिग्रामभाऊ कुठं? मी म्हणते, येतील. मग म्हणतो, मी नंतर येतो. तीन दिवस असेच गेले.

आज मेडशीचे एक गुरुजी आले. शाळेच्या कार्यालयासाठी बोर्ड हवा. "सगळ्यात भारी दाखवा. सरकारी काम हाये, टिकाऊ पाह्यजे." महाराणीकडेच बोट!

माझ्या मनात आलं, विकून टाक ना! काका किती खूश होतील!

विचारलं, "काम काय करतीन गुरुजी?"

"हजेरी. पत्रं. पोषण आहाराचे तक्ते."

"मंग ही चिमणी घ्या." आणि भिंतीवरचा तक्ता दाखवला, माझ्या हाताने लिहिलेला. पाच फेऱ्या, तिघींचे आकडे, खाली मोठ्या अक्षरात — दिवसभर व्हिडिओ बनवणार असाल तरच पुढे वाचा. "तुमच्या कामाले हिचा दम कधीच लागनार नाई. उरल्या पैशात दुसरी डिस्क घ्या, शाळेचं सगळं दोनदा साठवून ठेवा."

गुरुजींनी तक्ता दोनदा वाचला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा. मग म्हणाले, "पयल्यांदाच कोनी दुकानदारानं मले स्वस्ताचं देल्लं."

दुकानदारानं!! मला म्हणाले!!

२६ मार्च, बुधवार

काका आले! काळा चष्मा, हातात थेंबांची बाटली. दारातच उभे राहिले, चष्मा जरा वर केला आणि माझ्याकडे पाहत राहिले.

"अरे बाप्पा," म्हणाले, "पोरी पोरी म्हनत होतो, पन तू त खरंच पोरगीच हाये व! आवाजावरून मले वाटे चाळिशीची बाई असन, दोन लेकरांची, रागीट."

मग दुकान पाहिलं. "एवढी धूळ? हे माह्यं दुकान हाये?" दोन वर्षांची धूळ त्यांना एकदम दिसली. मग भिंतीवरचा तक्ता. अगदी जवळ जाऊन, बोट न लावता, वरून खालपर्यंत वाचला.

"मदरबोर्डातला र कुठं गेला? वर 'मदरबोड' लिवलं."

आठवडाभर कुणाला दिसला नव्हता. मला नाही, गुरुजींना नाही! काकांना पहिल्याच दिवशी!

सेवादासभाऊंची फिल्म कालच पोचवली, वेळेत. आज सगळं चांगलंच आहे. सगळंच.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. आईंनी केंद्राच्या दारालाही आंब्याचा डहाळा लावला. आज तीन जण मशीन घेऊन आले. दाखल्यासाठी नाही — दुरुस्तीला! मेडशीहून एक, आसेगावचे दोन. गुरुजींनी सांगितलं म्हणे. एकाच्या आत मुंग्यांचं घर.

२ एप्रिल

काकांचा फोन. गाळ्याच्या मालकाला तिथं मोठं कापडाचं दुकान करायचं आहे. महिनाअखेर नाही, आठवड्यात खाली करा म्हणाला. पोराचं म्हणणं, आता पुण्याला चला, बस झालं.

"मंग?" मी विचारलं.

"पाहू," म्हणाले, आणि फोन ठेवला. चाळीस वर्षांना एक शब्द.

आज काही लिहावंसं वाटत नाही.

६ एप्रिल, रामनवमी

पोहरादेवी! माणसांचा समुद्र. पडदा एवढा मोठा की माझा बाण बैलगाडीएवढा दिसत होता. माझ्या शेजारची एक म्हातारी नवऱ्याला म्हणाली, "पाह्य, तिकडं पानी हाये," आणि दोघं वळली, आणि मागची वीस-पंचवीस माणसं त्यांच्यामागे वळली! माझ्या बाणाने!! हरीओमने माझा हात घट्ट धरला. म्हणे, "तूच हरवशीन आता." सेवादासभाऊंनी आपल्या आईला आणून माझ्यापुढे उभं केलं. त्यांनी माझ्या दोन्ही गालांना हात लावले, बोटं कडाकडा मोडली.

९ एप्रिल, बुधवार

साडेअकराच्या बसमधून शालिग्रामकाका आमच्या गावात उतरले. एका हातात डागणीची पेटी, दुसऱ्या हातात कपड्यांची पिशवी. मी केंद्रात एक मशीन उघडून बसलेले. त्यांनी दारातच चपला काढल्या आणि म्हणाले, "मॅडम, कामाले मानूस पाह्यजे काय?"

मी उठून माझी खुर्ची पदराने पुसली, पुढे केली.

त्यांनी कोपऱ्यातला स्टूल ओढला. "खुर्ची मालकाची," म्हणाले, आणि पेटी उघडली.